एम.ए. समाजशास्त्र: विभागात जाऊन नेमकं काय शिकायचं?

माणदेशी (धागाकर्ती)

बी.ए.चे निकाल लागले की दरवर्षी तिसऱ्या वर्षाची मुलंमुली माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेले असतात. समाजशास्त्रात एम.ए. करावं का, आणि करायचं तर बाहेरून परीक्षा द्यावी की विद्यापीठाच्या विभागात जाऊन राहावं? पहिल्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या घरच्या परिस्थितीवर आहे. दुसऱ्याबद्दल माझं मत पक्कं आहे. समाजशास्त्र विभागात जाऊनच शिकावं. हा धागा त्यासाठीच काढला आहे.

नोट्स कुठेही मिळतात. वेबर, मार्क्स, दुरखीम यांच्यावर परीक्षेपुरतं उत्तर लिहायला विभागात जावं लागत नाही. पण आपण खेड्यातून, वाडीतून, चाळीतून येतो तेव्हा समाजाबद्दल खूप काही आधीच माहीत असतं. भावकीत कोणाचं कोणाशी वाकडं आहे, सोयरीक कुठवर जुळते, ग्रामसभेत कोण बोलतं आणि कोण मागे भिंतीला टेकून बसतं, पोळ्याला कोणाची बैलं आधी निघतात. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्यामागे काही कारण असेल असं मनातही येत नाही. विभागात दोन वर्षं तेच शोधायला शिकायचं असतं. मला हे ठाऊक आहे ते कशावरून? सगळीकडे असंच आहे का? कधीपासून? यात कोणाचं भलं होतं?

एकट्याने बसून हे जमत नाही. आमच्या वर्गात नातेसंबंधांवर तास चालू होता. मामाच्या मुलीशी लग्न हा विषय निघाला. आम्हा देशावरच्या मुलींना त्यात विशेष काही वाटलं नाही. उत्तर प्रदेशातल्या कुटुंबातली, मुंबईत वाढलेली एक वर्गमैत्रीण मात्र हादरली, कारण तिच्याकडे मामाची मुलगी म्हणजे बहीण. आणि कर्नाटकातून आलेला मुलगा म्हणाला, आमच्याकडे तर मामाच भाचीशी लग्न करतो. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी १९५३च्या त्यांच्या ग्रंथात नातेसंबंधांवरून भारताचे चार पट्टे पाडले आहेत. महाराष्ट्र त्यात मधल्या पट्ट्यात येतो, उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींच्या सांध्यावर. म्हणून आपल्याकडे पुष्कळ जातींत मामाची मुलगी चालते, पण आत्याची मुलगी करणं बहुतेक ठिकाणी टाळतात. पुस्तकात हे वाचून पाठ झालं असतं. समोर तीन माणसं तीन रीती सांगत बसली होती म्हणून ते समजलं.

आता परंपरेबद्दल. पुष्कळ मुलांना वाटतं की हा विषय परदेशातून आला आणि दिल्लीत वाढला. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ साली सुरू झाला. पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस, स्कॉटलंडचे नगररचनाकार. शहर आधी पायी फिरून बघा, मग त्यावर बोला, ही त्यांची पद्धत. त्यांच्यानंतर १९२४ साली विभागाची सूत्रं मालवणात जन्मलेल्या गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली आणि १९५९पर्यंत राहिली. एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई, इरावती कर्वे हे सगळे त्यांचे विद्यार्थी. श्रीनिवास यांनी पुढे बडोद्याला आणि मग दिल्लीला विभाग उभे केले. म्हणजे दिल्लीच्या समाजशास्त्राचं मूळही एका अर्थी मुंबईत सापडतं.

मला या घराण्यातली सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे ही मंडळी गुरूंच्या विचारांना चिकटून राहिली नाहीत. देसाई मार्क्सवादी झाले आणि त्यांनी राष्ट्रवादाची सामाजिक पार्श्वभूमी वर्गाच्या अंगाने लिहिली. घुर्ये पोटजाती एकाच जातीतून फुटून निघाल्या असं मानणारे. इरावतीबाईंनी ते नाकारलं. महाराष्ट्रातल्या कुंभारांचंच उदाहरण त्यांनी घेतलं. सगळ्यांना आपण कुंभार म्हणतो, पण त्यांच्यातले गट वेगवेगळे, त्यांच्यात रोटीबेटी नाही, चाक आणि काम करण्याची तऱ्हाही वेगळी. एकच जात फुटून हे झालं नसणार, वेगवेगळे समूह एका धंद्याच्या नावाखाली शेजारी येऊन बसले असणार, असं त्यांचं म्हणणं. दोघांपैकी कोण बरोबर, हा वाद अजून संपलेला नाही. पण शिष्या गुरूंना उत्तर देते ते कुंभाराचं चाक पाहून, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

अभ्यासक्रमाबद्दल थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर एम.ए.ला सिद्धान्तांच्या पेपरांबरोबर संशोधन पद्धतीचा पेपर, पहिल्या वर्षी ऑन जॉब ट्रेनिंग किंवा क्षेत्रकार्य आणि दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प असतो. कृपा करून प्रकल्प शेवटच्या महिन्यात उरकू नका. एम.ए.चा खरा गाभा तोच आहे.

ज्यांनी मुंबई, पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, गोवा, कुठेही विभागात शिक्षण घेतलंय त्यांनी आपापले अनुभव लिहावेत. यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी प्रश्न विचारावेत.

पेठेतला_वाचक

उत्तम विषय. पुण्याची भर घालतो. समाजशास्त्र म्हटलं की पुण्यात डेक्कन कॉलेजचं नाव आधी घ्यावं लागतं. इरावतीबाई १९३९मध्ये तिथे रुजू झाल्या आणि शेवटपर्यंत तिथेच रमल्या. त्यांनी वारीत पायी चालून लिहिलेला लेख प्रत्येक एम.ए.च्या मुलाने पहिल्याच महिन्यात वाचावा. एकाच दिंडीत, एकच अभंग म्हणत चाललेली माणसं मुक्कामाला ब्राह्मणांची वेगळी पंगत आणि मराठ्यांची वेगळी पंगत करून जेवतात, हे त्यांना टोचलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. भक्ती आणि भेद एका वेळी कसे पाहायचे ते त्यात शिकायला मिळतं.

आणखी एक. पिंपळे सौदागर म्हटलं की आज गृहसंकुलं, मॉल आणि आयटीवाले भाडेकरू डोळ्यांपुढे येतात. याच गावाचा अभ्यास पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास केला आणि तो १९१७ साली छापून आला. जमिनीचे तुकडे कसे पडत गेले याचा तो अभ्यास. १७७१ साली सरासरी धारण ४० एकरांची होती, ती १९१४-१५पर्यंत ७ एकरांवर आली, असं त्यांनी कागदपत्रांवरून दाखवलं. जमिनीचे तेच तुकडे पुढे बिल्डरांकडे कसे गेले, पैसे कोणत्या भावाला मिळाले, बहिणींकडून हक्कसोडपत्रं कशी घेतली गेली, यावर एखाद्या विद्यार्थ्याने आज प्रकल्प केला तर शंभर वर्षांची सलग गोष्ट हातात येईल. विभागापासून अंतरही जवळच. गोखले इन्स्टिट्यूटचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आणि विद्यापीठाचं जयकर ग्रंथालय, दोन्हीकडे जाऊन बसा. गाडगिळांनी केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणीही काढून बघा.

केजची_लेक

नमस्कार ताई. मी बीड जिल्ह्यातून. बी.ए. मराठी माध्यमातून झालंय, समाजशास्त्रात पहिली आलेय कॉलेजात. विभागात जायचंय पण तीन गोष्टींची धास्ती आहे. एक, तिथे सगळं इंग्रजीत चालतं म्हणतात. दोन, घरचे विचारतात पुढे नोकरी काय. तीन, सांगायला जरा अवघड आहे. माझे आईवडील ऊसतोडीला जातात. मी आजीजवळ राहून शिकले. सर म्हणाले ऊसतोड कामगारांवर प्रोजेक्ट कर. पण आपल्याच घरावर प्रोजेक्ट कसा करायचा? आणि वर्गात सगळ्यांना कळेल, ते वेगळंच.

जुन्नरकडचा

केजची_लेक, आधी तिसऱ्या प्रश्नाबद्दल बोलतो, कारण मी त्यातून गेलोय. मी महादेव कोळी. आमच्या जमातीवर घुर्येंचं १९५७चं स्वतंत्र पुस्तकच आहे. विभागाच्या ग्रंथालयात ते हातात आलं तेव्हा पहिल्यांदा रागच आला. त्याचं कारण त्याआधीचं, १९४३चं पुस्तक. त्यात घुर्येंनी आदिवासींना मागास हिंदू म्हटलं आणि त्यांचं वेगळेपण राखण्यापेक्षा त्यांनी हिंदू समाजात मिसळून जावं अशी बाजू घेतली. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांनी उलट टोकाची बाजू लावली होती. या दोघांच्या वादात आदिवासी माणसाला विचारलं कोणी, हा माझा सेमिनारमधला पहिला प्रश्न.

पण मग मी ते १९५७चं पुस्तक गावी घेऊन गेलो. कुळं, लग्नाच्या चाली, देव, जे जे लिहिलंय ते आजीला आणि तिच्या वयाच्या माणसांना वाचून दाखवलं, मराठीत करून. काही ठिकाणी त्या लगेच हो म्हणाल्या. काही ठिकाणी म्हणाल्या, हे पलीकडच्या खोऱ्यातलं, आपलं नव्हे. काही गोष्टी आता कोणी करत नाही, पण त्यांच्या आईच्या काळी होत्या. ज्याच्यावर राग धरला तेच पुस्तक माझ्या प्रकल्पाचा पाया झालं. मान्य न करता वापरलं. घरचं म्हणून लाजायचं काही नाही, आणि घरचं म्हणून सगळं खरंच असेल असंही धरायचं नाही. तुला आत शिरायला परवानगी मागावी लागणार नाही. प्रश्न मात्र परक्यासारखे विचारावे लागतील. तेवढं शिकायलाच विभाग.

इंद्रायणी_काठ

वाचतेय. जुन्नरकडचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मिलिंदनगर

धागा चांगला आहे, पण परंपरेची गोष्ट गेडिस, घुर्ये, श्रीनिवास अशीच सांगितली जाते याला माझी हरकत आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या विद्यार्थ्याने जातींवर निबंध वाचला. मुंबईचा विभाग तेव्हा सुरूही झाला नव्हता. त्या निबंधात त्यांनी जातीचं मर्म एकाच गोष्टीत दाखवलं. जातीबाहेर लग्न करायला बंदी. ही बंदी टिकवायची तर नवरा मेलेल्या बाईचं आणि बायको मेलेल्या पुरुषाचं काय करायचं हा पेच प्रत्येक जातीपुढे येतो. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह हे त्या पेचावरचे उपाय, असं ते मांडतात. म्हणजे जात चालते ती बाईच्या आयुष्यावर ताबा ठेवून. पंचविशीतल्या विद्यार्थ्याने हे मांडलं.

घुर्येंनी १९३२मध्ये जातीची सहा लक्षणं दिली. ती आम्हाला पाठ होती: समाजाचे खंड, उतरंड, खाण्यापिण्यावरची बंधनं, काहींना खास हक्क आणि काहींवर बंदी, धंद्याची सक्ती, लग्नाची बंधनं. लक्षणं सांगणं एक आणि यंत्र कसं चालतं ते सांगणं दुसरं. माझ्या बी.ए.च्या काळात आंबेडकरांचं नाव समाजसुधारक म्हणून एका परिच्छेदात यायचं, सिद्धान्तकार म्हणून नाही. पुण्याला आल्यावर शर्मिला रेगे यांचं लेखन वाचलं तेव्हा हा १९१६चा निबंध किती महत्त्वाचा आहे ते पहिल्यांदा नीट उमगलं. विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात त्यांनी हे काम उभं केलं. दलित स्त्रियांची आत्मकथनं समाजशास्त्राचं साधन म्हणून वाचायला त्यांनी शिकवलं. २०१३ साली त्या गेल्या, पण त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलंमुली आज कितीतरी कॉलेजांत शिकवत आहेत. यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी अभ्यासक्रमात असो नसो, १९१६चा निबंध वाचायलाच हवा. मराठीतही आहे, छोटा आहे.

आणि जोतीराव फुले? शेतकऱ्याच्या घरातला पैसा कुठे कुठे जातो याचा हिशोब त्यांनी १८८३मध्ये लिहून पुरा केला. त्यात निरीक्षण आहे, वर्गीकरण आहे, कारणमीमांसा आहे. त्याला समाजशास्त्र म्हणायला आपण का कचरतो?

माणदेशी

मिलिंदनगर, पूर्ण सहमत, आणि हे तुम्ही इतक्या नेमकेपणाने लिहिलंत याचा आनंद आहे. माझ्या वर्गात मी दोन्ही एकाच आठवड्यात शिकवते. आधी सहा लक्षणं, मग १९१६चा निबंध, आणि मग मुलांना विचारते की सहापैकी आज तुमच्या गावात कोणती उरली आहेत. खाण्यापिण्याची बंधनं सैल झाली, धंद्याची सक्ती पुष्कळ ठिकाणी मोडली. लग्नाचं लक्षण मात्र जसंच्या तसं. सगळा वर्ग गप्प होतो. आंबेडकरांनी बोट नेमकं कशावर ठेवलं होतं ते मग समजावून सांगावं लागत नाही.

फुल्यांच्या जोडीला त्रिंबक नारायण आत्रे यांचंही नाव घेते. १९१५ साली त्यांनी बलुतेदारीवर उभ्या असलेल्या गावाचं जे वर्णन मराठीत केलं ते कोणत्याही विभागाच्या आधीचं. दृष्टी वरच्या जातीतल्या सरकारी अधिकाऱ्याची आहे, काही समाजांबद्दल लिहिताना तो पूर्वग्रह उघड दिसतो. तरी तपशील इतका की आजही त्यावाचून पुढे जाता येत नाही. जुन्नरकडचा म्हणतात तसंच, मान्य न करता वापरायचं.

केजची_लेक, तुला आता सविस्तर लिहिते.

इंग्रजीचं आधी. परीक्षेत मराठीत उत्तरं लिहिण्याची सोय आपल्या बहुतेक विद्यापीठांत आहे, प्रवेश घेताना त्या विभागात विचारून घे. वाचायचं साहित्य मात्र बरंचसं इंग्रजीत आहे आणि त्यातून सुटका नाही. पहिलं सत्र जड जातं. रोज पाच पानं वाच, जास्त नको. प्रत्येक पानाखाली मराठीत दोन ओळी लिही: लेखक काय म्हणतो, आणि माझ्या गावात त्याला पुरावा कोणता किंवा त्याच्या उलट काय दिसतं. दुसरी ओळ लिहायला चुकू नकोस, विचार तिथेच होतो. इंग्रजी फाडफाड वाचणाऱ्या मुलांकडे ती दुसरी ओळ लिहायला पुष्कळदा काहीच नसतं. तुझ्याकडे असेल.

आता ऊसतोड. तू स्वतःला ज्या गोष्टीत कमी समजतेस तिथेच तुझा अभ्यास आहे. साधी गोष्ट बघ. तोडीची उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, आणि मजुरी कोणाला मिळते? कोयत्याला. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. आईने तोडलेल्या उसाची मजुरी वेगळी कुठे नोंदली जाते का? उचलीच्या कागदावर अंगठा कोणाचा? खाडा झाला तर कापलेले पैसे कोणाच्या नावावर पडतात? आई फडात ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते, आणि त्याआधी पहाटे उठून भाकरी करते. हिशोबात ती जोडीचा अर्धा भाग. बाहेरचा संशोधक सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन येतो आणि 'कुटुंबप्रमुख' या रकान्यात वडिलांचं नाव लिहून निघून जातो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला, सरकारला समिती नेमावी लागली. कामावरचा एक दिवस बुडणं बाईला इतकं महाग का पडतं, या प्रश्नाचं मूळ या मजुरी मोजण्याच्या रीतीत शिरून पाहायला हवं. हा झाला सिद्धान्ताचा प्रश्न. तू तो लहानपणापासून बघत आलीस.

यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी दक्षिण गुजरातेत बारडोलीकडच्या साखर कारखान्यांवर खानदेशातून जाणाऱ्या तोड कामगारांचा अभ्यास १९७०च्या दशकापासून केला. ते वाच. शेजारी स्थानिक मजूर असताना कारखाने इतक्या लांबून माणसं का आणतात, हा त्यांचा प्रश्न. परका मजूर उचलीत बांधलेला असतो, रात्री-बेरात्री बोलावलं तरी येतो आणि हंगाम संपला की जातो. मग तुझा प्रश्न तिथून पुढे सुरू होईल: जे मागे राहतात त्यांचं काय? आजी, शाळकरी मुलं, हंगामी वसतिगृहं, लवकर उरकलेली मुलींची लग्नं. तो भाग तू जगली आहेस.

एक जपून कर. मजूर जमवून नेणारा मुकादम कुठल्या गावचा, कोणाची किती उचल फिटायची आहे, हे प्रकल्पात ओळखू येईल असं लिहू नकोस. तुझं एम.ए. होईल, पण पुढच्या हंगामात तुझ्या आईवडिलांना त्याच मुकादमाकडे जायचं असेल. गावाचं नाव बदल, माणसांची नावं बदल, आणि ज्यांच्याशी बोलशील त्यांना आधी सांग की हे मी कशासाठी लिहून घेतेय. आपल्याच घरच्यांनाही विचारायचं. नको म्हणाले तर ते लिहायचं नाही. शक्य तर स्वतःचं घर सोडून शेजारच्या वाडीत अभ्यास कर. माहिती तीच मिळते आणि तुझ्यावरचा ताणही कमी राहतो.

वर्गात कळेल याची भीती रास्त आहे. किती सांगायचं ते तू ठरव. कोणी तुला आपल्या कष्टांची कहाणी सांगायला भाग पाडू नये, प्राध्यापकांनीसुद्धा.

सीएचबी_तुकडा

नोकरीचं कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलतो. कटू वाटेल पण मुलीला खरं सांगायला हवं. कॉलेजात कायम प्राध्यापक व्हायचं तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते, पीएच.डी. असली तर बरं, आणि त्यानंतरही जागा निघतील याची खात्री नाही. मी सेट होऊन तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवतो. तासाचे पैसे, तेही महिनोन्‌महिने उशिरा, सुट्टीत काहीच नाही. माझ्याबरोबरचे चौघे हा विषय सोडून गेले. एम.ए. करायचं तर हे डोळ्यांपुढे ठेवून करा. सेटची तयारी दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करा. नेटचा पेपर हिंदी आणि इंग्रजीतच असतो, त्यामुळे संज्ञा इंग्रजीतही पाठ हव्यात.

नदीघाटी

सीएचबी_तुकडा यांचं म्हणणं खरं आहे आणि त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. पण प्राध्यापकीखेरीजही वाटा आहेत. मी एम.ए.नंतर ग्रामीण पाणीप्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेत लागले. आमच्याकडे मुलाखती घ्यायला आणि लिहून काढायला नीट शिकलेली माणसं मिळत नाहीत, हे मनापासून सांगते. प्रश्नावली तयार करणं, नमुना निवडणं, मुलाखत शब्दशः उतरवणं, त्यातून अहवाल लिहिणं, हे ज्याला येतं त्याला काम मिळतं. पगार मोठा नाही, पण वेळेवर मिळतो. म्हणून संशोधन पद्धतीचा पेपर उरकून टाकू नका.

मुलाखतीबद्दल अनुभवाची एक गोष्ट. बाईशी घरात बोललात तर सासू किंवा नवरा उत्तरं देतो. तिच्या बरोबर पाण्याला, गवताला चला. वही बाहेर काढू नका, संध्याकाळी लिहा. आणि पहिल्याच भेटीत जात विचारू नका. माणसं आपणहून सांगतात, आळीच्या नावावरून, देवाच्या नावावरून, आणि कोण कोणाच्या घरी जेवायला जातं त्यावरून.

पीएच.डी. करायची तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. नेटमधून मिळणारी जेआरएफ ही संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर २०२३पासून महिन्याला ३७,००० रुपये आहेत. यूपीएससीला समाजशास्त्र हा वैकल्पिक विषय घेता येतो, २५० गुणांचे दोन पेपर, आणि तो मराठीतून लिहिता येतो.

साळगावकार

गोव्यातून लिहितो. आमच्या विद्यापीठात विषय शोधणाऱ्यांना एक सुचवावंसं वाटतं: गांवकारी. पोर्तुगीज काळात तिला कोमुनिदाद म्हणू लागले आणि १९६१च्या संहितेनुसार ती आजही चालते. गावची शेतं, खाजण (खाडीकाठची बांध घालून राखलेली सखल जमीन), बांध, यांची मालकी गांवकारांच्या समूहाकडे, आणि गांवकार व्हायचं ते बापाकडून मुलाने. मुलींना ते नाही. जमिनीचे भाव वाढल्यावर हे सगळं कसं बदललं, आणि मुंडकारांना (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना) १९७५च्या कायद्याने संरक्षण मिळाल्यावर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, घरचे संबंध काय झाले, हे आमच्या आज्यांच्या तोंडून ऐकायला मिळतंय तोवर लिहून काढायला हवं. मराठीत यावर वाचायला फार थोडं आहे.

पेठेतला_वाचक

साळगावकार, मराठीत लिहिण्याच्या मुद्द्याला जोर देतो. एम.ए.चे प्रकल्प विभागाच्या कपाटात धूळ खातात. त्यातल्या चांगल्या प्रकल्पांचे लेख करून मराठी नियतकालिकांकडे पाठवा. समाज प्रबोधन पत्रिकेसारखी जागा आपल्याकडे आहे. कर्वेबाईंनी संशोधनही केलं आणि मराठीत ललितही लिहिलं, एकीकडचं कमी करून दुसरीकडचं वाढवलं नाही.

केजची_लेक

सगळ्यांचे आभार. रात्री आईला फोन केला होता, ते सध्या कर्नाटकात आहेत तोडीला. विचारलं, उचलीच्या कागदावर तुझा अंगठा आहे का. म्हणाली, माझा कशाला, तुझ्या बापाचा आहे. मग म्हणाली, पण फिटेपर्यंत जायचं दोघांनी. मी ते लिहून ठेवलंय. तिला विचारूनच इथे टाकतेय.

ताई, विभागात प्रवेश घ्यायचं ठरवलंय. कोणता ते अजून नाही. वसतिगृह कुठे लवकर मिळतं?

माणदेशी

वसतिगृहाचं सांगते. विद्यापीठाच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेश निश्चित झाल्या दिवशीच भर, गुणवत्ता यादीवर जागा मिळतात आणि त्या कमी असतात. सोबत समाजकल्याण विभागाच्या मुलींच्या वसतिगृहालाही अर्ज करून ठेव. उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर जातीचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून घे, प्रवेशाच्या वेळी गर्दी होते. कोणतंही शहर निवड, पण आधी एक दिवस जाऊन विभागात बसून ये. शिकवणारी माणसं फील्डबद्दल किती बोलतात ते ऐक, आणि मागच्या वर्षीचे विद्यार्थ्यांचे प्रकल्प बघायला माग.

आणि आईच्या त्या दोन वाक्यांवर तारीख आणि ठिकाण घालून ठेव.